उपचार व्यवस्थित झाले

लासुर्णे, ता. इंदापूर
१६ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूपास अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर मला काही ऐकू येत नाही. समोरचा ओरडत राहतो आणि मी नुसतं बरं बरं म्हणतो. म्हणून लिहितो.

विषय तुझ्या सुईचा आहे.

गुरुवारी ७ तारखेला तुझ्या दवाखान्यात माझ्या दाढेची नस काढताना पिवळ्या टोपीची बारीक सुई तुझ्या बोटांतून सुटली आणि माझ्या घशात गेली. तू काही म्हणालीस. तुझ्या तोंडाला मास्क होता आणि माझं कानाचं मशीन टेबलावरच्या वाटीत. तुझ्या यंत्राची कानात शिट्टी वाजते म्हणून मीच ते काढून ठेवलं होतं. तू काय म्हणालीस ते मला कळलं नाही. ठसका आला होता, तो मी दाबला. समोर सांगवीच्या मानसिंगरावांची लेक, पांढरा कोट, तोंडाजवळ तोंड. तिच्या अंगावर खोकायचं कसं? बाजूला थुंकायचं भांडं होतं. ते इतकं स्वच्छ होतं की त्यात थुंकवेना. मग मी जोर लावून गिळलं.

चूक माझी आहे. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो. कालव्याच्या दारांचा सरकारी पाना माझ्या खांद्यावर असायचा, पण तो एकदाही घरच्या कामाला वापरला नाही. आता उतारवयात दुसऱ्याची वस्तू पोटात घेऊन बसलो आहे.

तू कागदावर लिहून दाखवलंस की पोटात गेली, दोन-चार दिवसांत पडून जाईल. आज नऊ दिवस झाले. मी रोज बघतो. कसं बघतो ते लिहीत नाही. त्यासाठी ओढ्याकडे जातो. आमच्या मंडळीनं, तानूबाईनं, परवा विचारलं, "घरातला संडास काय पाव्हण्यांसाठी बांधलाय व्हय?" मी म्हणालो, जुनी सवय.

सुई अजून मिळालेली नाही. मिळाली की धुऊन, उकळून घेऊन येतो. तिच्यावाचून तुझं काम अडलं असेल तर तसं कळव.

दाढेत तू बसवलेलं कच्चं सिमेंट टिकून आहे. ठणका नाही. मानसिंगरावांना नमस्कार सांग.

तुझा
बिरू गेणू मारकड



बारामती
२१ नोव्हेंबर २०२४

ती. बिरूआबांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वाचून ओशाळले. आबा, असल्या सुया एका डबीत सहा येतात. माझं काही अडलेलं नाही. तुम्ही कृपा करून शोधू नका. ओढ्याकडे जाऊ नका, पाय घसरेल. ती कधीच पडून गेली असणार, इतकी बारीक वस्तू दिसत नाही. केळी खा, पाणी भरपूर प्या.

सहज एक विचारते. खोकला वगैरे आहे का? चालताना दम लागतो का? नसणारच.

आणि आबा, हे कुणाला सांगू नका. तानूआजींनाही नको. लोक एकाचं दहा करतात. दवाखाना उघडून आठ महिने झालेत. उद्घाटनाला आप्पांनी अर्धा तालुका बोलावला होता. तुम्ही पहिल्या रांगेत फेटा बांधून बसला होतात. तुम्हाला वेगळं काय सांगायचं.

दाढेचं काम अर्धं राहिलं आहे. सवडीनं या. घाई नाही.

तुमची
स्वरूपा



लासुर्णे
३० नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूपास आशीर्वाद.

सुई नाही. तू सांगितलंस म्हणून ओढ्याकडे जाणं बंद केलं आहे.

खोकल्याचं विचारलंस. आहे. पण तो सगळ्या गावाला आहे. कारखाना सुरू झाला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांचा धुरळा, रानात पाचट पेटवतात, भाकरीवर काजळी येऊन बसते. मला उजव्या कुशीवर पडलं की जास्त येतो. श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजते. मला ती ऐकू येत नाही, तानूबाईला येते. ती म्हणाली, "कानातलं मशीन छातीत उतरलं का काय, आवं?" सुनेला दोन दिवस हसू आवरेना.

गावात अविराज डॉक्टरचा दवाखाना आहे. त्यांनी बाटली दिली. खोकला कधीपासून विचारलं. मी म्हणालो, कारखान्याचा भोंगा झाल्यापासून. सुईचं बोललो नाही. तू नको म्हणालीस, त्याअर्थी काही कारण असेल. तू शिकलेली आहेस.

तू लहान असताना सांगवीच्या फाट्यावर तुझी लाल चप्पल कालव्यात पडली होती. तुला आठवणार नाही. तू रडत होतीस आणि मानसिंगराव म्हणत होते, गेली वाहून, नवी घेऊ. मी सायकलवर बसून पुढच्या दारापाशी गेलो आणि काढून आणली. पाण्यात पडलेली वस्तू वाहून जाते असं लोक म्हणतात. ती वाहून जात नाही. कुठंतरी अडकते. कुठं अडकते ते पाटकऱ्याला माहीत असतं.

हे उगाच लिहिलं. रिकाम्या माणसाला आठवणी फार.

बिरू



बारामती
४ डिसेंबर २०२४

ती. आबांस नमस्कार.

खोकल्याचं औषध चालू आहे हे बरं झालं. धुरात जाऊ नका.

एकदा बारामतीला येऊन जा. दाढ बघू. आलात की बाकीचंही बघता येईल. तुमच्या सवडीनं.

स्वरूपा



लासुर्णे
२१ डिसेंबर २०२४

चि. स्वरूपास आशीर्वाद.

अक्षर हललं आहे, सांभाळून घे. तू बोलावलंस, पण यायला जमलं नाही. बारा दिवस झाले, संध्याकाळी ताप चढतो. अंग निम्मं झालं आहे. धोतर कमरेला ठरत नाही.

अविराज डॉक्टरांनी काल नळी लावून पुष्कळ वेळ छाती तपासली. उजव्या बाजूला खाली हवा जात नाही म्हणाले. थुंकी तपासायला पाठवली आहे. गुरुवारी इंदापूरला जाऊन छातीचा फोटो काढायचा आहे. त्यांना क्षयाचा संशय आहे. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी तो शब्द कागदावर लिहिला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. घरी येईपर्यंत तो मी खिशातच ठेवला.

दिपालीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, माझा कप आणि ताट वेगळं काढलं. तिचं बरोबर आहे, घरात लहान लेकरं आहेत. कप खिडकीत असतो. चहा त्यात वरून ओततात. तानूबाई कुणाचं ऐकत नाही. ती माझ्या ताटातला घास उचलते आणि सुनेकडं बघत खाते.

खरं लिहायचं ते वेगळंच आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, "आबा, जेवताना काही ठसका लागला होता का? श्वासात काही गेलं होतं का?" हे त्यांनी मोठ्यानं विचारलं आणि मला स्वच्छ ऐकू आलं. मी नाही म्हणालो.

स्वरूपा, मी चौतीस वर्षं कालव्याचं रजिस्टर लिहिलं. दार किती वाजता उघडलं, किती वाजता बंद केलं. एकदाही खोटी वेळ लिहिली नाही. एका उन्हाळ्यात तुझ्या वडिलांनी पाण्याचा अर्धा तास जादा मागितला होता. त्यांनाही दिला नाही. ते सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. तुझ्यासाठी मी नाही म्हणालो आणि लगेच मला खोकल्याची उबळ आली.

मला एवढंच सांग. सुईचा आणि या तापाचा काही संबंध आहे का? तू हो म्हणालीस तर मी डॉक्टरांना सांगतो. तू नाही म्हणालीस तर विषय संपला, पुन्हा काढणार नाही.

बिरू गेणू मारकड



बारामती
२५ डिसेंबर २०२४
(नागेशच्या हाती पाठवलेलं पत्र)

ती. आबांस,

संबंध आहे.

हे पत्र घेऊन आमचा ड्रायव्हर नागेश आला आहे. दारात गाडी उभी असेल. पण पत्र पूर्ण वाचल्याशिवाय गाडीत बसू नका. वाचल्यावर माझ्या गाडीत बसायचं नसेल तर बसू नका. मात्र हा कागद आत्ताच्या आत्ता अविराज डॉक्टरांना दाखवा.

सुई पोटात गेली नाही. ती तुमच्या छातीत आहे, श्वासाच्या नळीत, बहुतेक उजव्या बाजूला. क्षय नाही.

सुई घशाकडे गेली त्या क्षणी मला एक काम करायचं होतं. तुम्हाला खुर्चीतून उठवून समोरच्या फोटोच्या दवाखान्यात पाठवायचं. छातीचा फोटो, पोटाचा फोटो. सुई कुठं आहे ते दहा मिनिटांत कळलं असतं. रस्ता ओलांडायचा होता फक्त. पण तिथं चिठ्ठी द्यावी लागते आणि चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं. त्या दिवशी बाहेर सात पेशंट बसले होते. त्यांतले तिघे सांगवीचे.

तुम्ही शांत बसला होतात. खोकला नाहीत. म्हणून मी ठरवलं की पोटात गेली. तुम्ही ठसका माझ्या भिडेखातर दाबला, हे मला तुमच्या पहिल्याच पत्रातून कळलं. तेव्हाही मी तुम्हाला केळी खायला सांगितलं.

दाढेचं काम करताना भोवती रबराचा पडदा लावायचा असतो, म्हणजे काही सुटलं तर पडद्यावर पडतं. निदान सुईला दोरा बांधायचा असतो. शिकताना सर प्रत्येकाच्या सुईचा दोरा ओढून बघायचे. माझी मदतनीस दिवाळीच्या सुट्टीवरून आली नव्हती. एकटीनं पडदा लावायला वेळ जातो. म्हातारं माणूस आहे, आबा आहेत, आपलेच आहेत, चालेल. असं मी मनात म्हटलं होतं. हे शब्द मला अजून आठवतात.

रविवारी १५ तारखेला मी लासुर्ण्याला आले होते. कालव्याच्या पुलावरून तुमचं घर दिसतं. तुम्ही अंगणात बाजेवर बसला होतात, उन्हात, अंगावर घोंगडं. गाडीतून तुमचे खांदे हलताना दिसत होते. मी गाडी वळवली.

उद्या इंदापूरला फोटो काढणार आहात. त्यात सुई दिसणारच आहे. म्हणून मी आज लिहिते आहे का, हे मी स्वतःला विचारलं. जे उत्तर आलं ते लिहायची हिंमत नाही.

सोबत आणखी एक कागद आहे. तो ४ तारखेला लिहायला घेतला होता, अर्धाच राहिला. त्या दिवशी तुम्हाला दुसरंच पत्र मिळालं. तोही वाचा.

बारामतीत फोटोची आणि पुण्यात सुई काढायची सोय केली आहे. तोंडातून नळी घालून काढतात, छाती कापावी लागत नाही. फोटोच्या ठिकाणी मी असेन. मी समोर नको असेन तर नागेशला सांगा.

स्वरूपा



(सोबतचा कागद)
४ डिसेंबर २०२४

ती. आबा,

तुमचं शिट्टीचं वाचलं. उजव्या कुशीचं वाचलं. सुई छातीत आहे. मला २१ तारखेलाच शंका होती, म्हणून तर खोकल्याचं विचारलं होतं. उद्याच्या उद्या या. येताना कुणाला तरी बरोबर



लासुर्णे
१४ जानेवारी २०२५

डॉ. स्वरूपाताई यांस,

स. न. वि. वि.

मी घरी आलो त्याला आठ दिवस झाले. ताप गेला आहे. खोकला आहे, पण कमी. उजव्या बाजूला पाणी आणि पू झाला होता, त्यामुळे पुण्यात दहा दिवस ठेवून घेतलं. थुंकीत काही निघालं नाही. माझा कप खिडकीतून परत मांडणीत गेला. त्या दिवशी दिपाली रडली. तिची काही चूक नव्हती.

बारामतीत फोटो काढला तेव्हा तिथल्या माणसानं काच उजेडासमोर धरली. सुई सरळ उभी दिसत होती, शाळेच्या फळ्यावर रेघ मारावी तशी. तानूबाईनं ओळखली. म्हणाली, "ही हितं हाय व्हय? आन् तुमी वढ्याला हुडकत हुता?" तिथली सगळी हसली. मीही हसलो. मग ती एकटीच हसायची थांबली.

तुम्ही जिन्याखाली उभ्या होतात. मी बघितलं. मी नागेशला काही सांगितलेलं नव्हतं. तुम्ही आपणहून समोर आला नाहीत.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. घशाच्या खाली दोन वाटा, एक अन्नाची, एक श्वासाची. श्वासाची पुढं दोन फाट्यांत जाते. डावा फाटा वळण घेऊन जातो, उजवा जवळजवळ सरळ आणि रुंद. म्हणून वस्तू पडली की उजव्यात जाते. मी म्हणालो, साहेब, हे मला चौतीस वर्षं माहीत आहे. त्यांना कळलं नाही.

सुई त्यांनी बाटलीत घालून दिली. ती माझ्यासमोर आहे. टोपीचा पिवळा रंग फिका झाला आहे. मी ती परत करीन असं लिहिलं होतं आणि करणार आहे.

त्याआधी एक विचारायचं आहे. पुण्यात त्यांनी तुमच्याकडून ७ नोव्हेंबरचा कागद मागवून घेतला होता. इंग्रजीत आहे. मी त्यांना म्हणालो, काय लिहिलंय ते मला मराठीत लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. एकच ओळ होती. नस काढण्याचा पहिला टप्पा, उपचार व्यवस्थित झाले, रुग्णाची तक्रार नाही.

तक्रार नव्हती हे खरं आहे.

सुई हातातून सुटते. माझ्या हातूनही पाना कालव्यात पडला होता. दाराखाली अडकला आणि दार बसेना, एका शेतकऱ्याचं लावणीचं रान वाहून गेलं. मी त्या दिवशी रजिस्टरात लिहिलं, पाना माझ्या हातून पडला. मला नोटीस आली. ती माझ्या ट्रंकेत अजून आहे. म्हणून सुई सुटल्याचं मला काही वाटत नाही. त्या ओळीचं वाटतं. ती तुम्ही मला उठवून बाहेर पाठवल्यावर लिहिली असणार. तेव्हा मी बाहेर बाकावर बसून माझं मशीन कानात घालत होतो आणि तुमची वस्तू गिळली म्हणून मला मान वर करता येत नव्हती.

रजिस्टराचा एक नियम असतो. चुकलं तर खोडरबर लावायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. बाजूला खरं लिहायचं. त्या दिवसाची नाही, लिहिता त्या दिवसाची तारीख घालायची आणि सही करायची. तसं करा आणि मला नक्कल पाठवा. दुसरं काही मला नको.

माझीही एक खोटी नोंद होती. काल अविराज डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं की तुम्ही विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो ते खोटं होतं. ते म्हणाले, आबा, जाऊ द्या. मी म्हणालो, लिहून घ्या. त्यांनी माझ्यासमोर लिहून घेतलं.

आज संक्रांत. तानूबाईला विचारलं, सांगवीच्या डॉक्टरीणबाईंना तिळगूळ पाठवायचा का. ती म्हणाली, "यंदा न्हाय. पुढच्या साली बघू." जसं बोलली तसं लिहिलं.

बिरू गेणू मारकड



बारामती
२० जानेवारी २०२५

ती. आबांस सा. नमस्कार.

तुम्ही मला 'डॉ. स्वरूपाताई' लिहिलंत. पाकिटावर नाही, आत.

नक्कल सोबत आहे. तुमच्यासाठी मराठीत उतरवलं आहे:

"ही नोंद २० जानेवारी २०२५ रोजी केली आहे. ७ नोव्हेंबरला नस काढताना सुई माझ्या हातून सुटली आणि रुग्णाच्या घशात गेली. सुईला दोरा बांधलेला नव्हता. पडदा लावलेला नव्हता. रुग्णाच्या कानाचं यंत्र काढलेलं होतं, तरी मी खुणेनं काही सांगितलं नाही. छातीचा फोटो काढायला पाठवलं नाही. पोटात गेली असं खात्री न करता सांगितलं. पुढे पत्रानं रुग्णाला गप्प राहायला सांगितलं. लक्षणं कळल्यावरही एकवीस दिवस काही केलं नाही. रेघ मारलेली ओळ खोटी आहे."

सही केली. पेन उचलताना वाटलं होतं की लिहून झाल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मला आधी सांगायचं. मी लासुर्ण्याला जाऊन येतो, मिटवून टाकू. बिरू आपला माणूस हाय." मी म्हणाले, तुम्ही जायचं नाही. आपला माणूस आहे म्हणूनच हे सगळं झालं. दुसरा कुणी असता तर मी घाबरून फोटो काढला असता. ते उठून बाहेर गेले. दोन दिवस आमचं बोलणं नाही. मला तुमचं ते अर्ध्या तासाचं आठवलं.

दवाखाना एक आठवडा बंद ठेवला होता. दारावर पाटी लावली, अडचणीमुळे बंद. ती पाटी लिहितानाही हात थांबला. आजपासून उघडला आहे. आज तीन पेशंट आले. एका आजींच्या दाढेला पडदा लावला तर त्या म्हणाल्या, हे काय तोंडाला छत्री लावल्यागत. मी त्यांना तुमचं सांगितलं. नाव घेतलं नाही, पण सुटलेल्या सुईचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, आज ऱ्हाऊ दे, मी लेकाला इचारून येते." त्या परत येतील असं वाटत नाही.

तुमची दाढ अजून अर्धी आहे. कच्चं सिमेंट फार दिवस टिकत नाही. पुण्यात माझ्या ओळखीचे चांगले डॉक्टर आहेत, इंदापुरातही आहेत. चिठ्ठी देते. चिठ्ठीवर सगळं कारण लिहीन.

सुई परत करू नका. मला ती नको आहे, असं लिहिणार होते. पण तुम्ही परत करतो म्हणालात, तर पाठवा.

माफी मागायला पत्रातून जागा सापडत नाही. मी येऊ का?

स्वरूपा



लासुर्णे
२७ जानेवारी २०२५

डॉ. स्वरूपाताई यांस,

स. न. वि. वि.

नक्कल मिळाली. दोनदा वाचली. मग तानूबाईला वाचून दाखवली. 'एकवीस दिवस' आलं तेव्हा ती म्हणाली, "थांबा." तिनं बोटं मोजली. म्हणाली, "ह्या दिवसांत मी तुमच्या ताटात जेवत हुते आन् सून माझ्याकडं बघत हुती." आत जाऊन भाकरी थापू लागली.

नोंद बरोबर आहे. 'खुणेनं काही सांगितलं नाही' हे मला सुचलं नव्हतं, ते तुम्ही आपणहून लिहिलंत. कागद ट्रंकेत ठेवला, माझ्या नोटिशीवर.

माफ केलं असं मी लिहीत नाही. ते लिहायला सोपं आहे आणि खरं असेलच असं नाही. छातीत अजून दुखतं. उजवी कूस तशीच आहे. खरं होईल तेव्हा लिहीन.

दाढेचं म्हणाल तर चिठ्ठी नको. आपण उघडलेलं दार आपणच बंद करायचं असतं, दुसऱ्या पाटकऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही. मी मंगळवारी ४ तारखेला सकाळच्या एस. टी.नं येतो. तुम्ही इकडं येऊ नका, गाडीही पाठवू नका. मशीन कानातच राहील, शिट्टी वाजली तर वाजू दे. आणि ठसका आला तर या खेपेला मी तो दाबणार नाही. तुमच्या कोटावर उडाला तर उडाला.

सोबतच्या बाटलीत सुई आहे. उकळली आहे. तिला काळा दोरा बांधलेला दिसेल. तो तानूबाईनं बांधला आहे, घोंगड्यातल्या लोकरीचा, तीन पेड वळून. मी म्हणालो, आता कशाला, ही सुई ती पुन्हा थोडीच वापरणार आहे. तर म्हणाली, "ह्या सुईला न्हाय. तिला दाखवायला. असा बांधायचा आसतोय म्हणावं."

तीही येणार आहे. बाहेर बाकावर बसायला तयार नाही, आत खुर्चीशेजारी उभी राहणार. तुम्ही दोरा बांधा, पडदा लावा, काय करायचं ते करा. दोऱ्याचं दुसरं टोक ती स्वतःच्या मुठीत धरणार आहे. तिला नाही म्हणू नका.

बिरू गेणू मारकड